आमच्या घरच्या प्रतीत

माझं मत विचाराल तर, जिच्या पहिल्याच पानावर नकाशा छापलेला असतो ती कादंबरी उघडण्याआधी दहा वेळा विचार करावा. नकाशा आला की डोंगर ओलांडणं आलं, डोंगर आले की घोडे आले, आणि घोडे आले की चारशे पानं गेलीच म्हणून समजा. शिवाय हल्ली एका पुस्तकात कुणाचं भागत नाही, तीन भाग असतातच. भयकादंबऱ्यांचं तर विचारूच नका. त्यांतलं भूत हे आजकाल भूत नसतंच, नायिकेचं दुःख असतं. ते तीनशे पानं कपाटात खडखड करतं आणि नायिका एकदा मनसोक्त रडली की गुपचूप निघून जातं. मला हे पटत नाही. भुतानं भुतासारखं वागावं.

मी नूतन. हिंदी मुलखात, स्मृती नगरला राहते, एका शाळेत जीवशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात यान, ड्रॅगन आणि भुतं वाचते. नवरा चंदन रेल्वेत लोको पायलट आहे. तो घरी असतो तेव्हा झोपलेला असतो, आणि जागा असतो तेव्हा डोंगरगडच्या पुढे असतो. त्यामुळे माझी मतं ऐकून घ्यायला घरात माणूस म्हणजे सासरे, शेषराव, ज्यांना मी बाबा म्हणते. पण त्यांच्याही आधी माझ्या सासूबाई होत्या, तुळसाबाई, आणि माझ्या आयुष्यात त्यांच्याइतकी चांगली श्रोती मला परत मिळणार नाही.

आई मेथी निवडत बसायच्या आणि मी इंग्रजी पुस्तक हातात धरून तोंडानं मराठीत सांगत जायची. त्यांची शाळा चौथीपर्यंत झालेली, पण डोकं असं की लेखकानं शंभर पानांनी सांगायची गोष्ट त्या विसाव्या पानावर सांगून मोकळ्या व्हायच्या. एका कादंबरीत भूत रोज दार वाजवत होतं. आईंनी मेथीची काडी माझ्याकडे रोखली.

“भूत आहे त दार कायले वाजवते व? भिंतीतून ये म्हना ना त्याले. भूत आहे का पोस्टमन?”

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या किडन्या बिघडल्या. शेवटचे तीन आठवडे दवाखान्यात गेले. तिथंही त्यांनी मला पुस्तक आणायला लावलं, आणि भुताचंच पाहिजे म्हणून हट्ट धरला. नर्सबाई एकदा म्हणाली की पेशंटला असलं काही ऐकवू नका, तर आई तिलाच म्हणाल्या, तू बी बस, पाच मिनिटं ऐक. बाबा आणि मी आळीपाळीनं थांबायचो. बाबा त्याला ड्युटीच म्हणायचे. मी पोचले की ते उठून उभे राहायचे, सलाईन किती उरलं, गोळी कधी दिली, डॉक्टर काय म्हणाला हे सगळं सांगायचे, आणि मी “समजलं” म्हटल्याशिवाय खोलीच्या बाहेर पाय टाकायचे नाहीत.

आई गेल्या तेव्हा ड्युटीवर मी होते.

बाबा आईंचा चष्मा आणायला घरी गेले होते. ते परत आले तेव्हा सगळं संपलेलं होतं, आणि ते दारात चष्मा हातात धरून उभे होते. त्यांच्याकडे बघून माझ्या तोंडून जे निघालं ते असं: “आई शांत झोपल्या, बाबा. त्रास नाही झाला. शेवटी तुमचं नाव घेतलं त्यायनं.” बाबांनी मान हलवली आणि चष्मा खिशात ठेवला.

त्यानंतर चार महिने बाबा बोललेच नाहीत. म्हणजे हो, नाही, जेवलो, एवढं बोलायचे. रडले नाहीत, चिडले नाहीत, कुणाशी भांडले नाहीत. मी माणूस बोलका, मला मुकं घर खायला उठतं. बाबा व्हरांड्यातल्या खुर्चीत बसायचे आणि रस्त्याकडे बघायचे, आणि रस्त्यावर तर काही नसायचं. मला खरंच वाटायला लागलं की हा माणूस असाच हळूहळू विझून जाणार आणि आपण चहाचे कप उचलत बसणार.

मग एक दिवस चार वाजता चहा घेऊन गेले आणि मला ती शांतता असह्य झाली. मी बाबांना न विचारता सांगायला सुरुवात केली. त्या आठवड्यात एक यानाची कादंबरी वाचून झाली होती. दोनशे वर्षांचा प्रवास, माणसं बर्फात झोपवलेली, आणि पाळीपाळीनं एकेक जण जागा राहून यान सांभाळणार. एक नवरा जागा आहे, त्याची बायको बर्फात आहे, आणि तिच्या पेटीचा थंडाव्याचा पंप बंद पडतो. मी भिंतीला सांगावं तसं सांगत होते. बाबा रस्त्याकडे बघत होते.

“स्टँडबाय नोता का?” ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही कोण बोललं.

“काय, बाबा?”

“पंपाले. दुसरा पंप पायजे ना जोडून. एक बंद पडला का दुसरा चालू. दोनशे वर्षांसाठी निघाले अन् एकच पंप घेऊन निघाले? कोनं पास केलं हे?”

बाबांनी चौतीस वर्षं इंडस्ट्रियल एरियातल्या एका खाजगी फौंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात काढली, शेवटची चौदा चार्जमन, म्हणजे पाळीचा मुकादम, म्हणून. ती फौंड्री आता बंद पडली आहे, पण त्यांच्या डोक्यातली चालूच असते. त्या दिवशी ते पंपावर वीस मिनिटं बोलले. चहावर साय आली. आणि मग त्यांनी विचारलं, “मंग? वाचली का ते बाई?”

पुस्तकात ती वाचत नाही. पुस्तकात तो नवरा उरलेला प्रवास तिच्या पेटीशेजारी बसून काढतो, आणि तो शेवट इतका सुंदर लिहिलेला आहे की मी वाचून शाळेच्या स्टाफरूममध्ये रडले होते. पण चार महिन्यांनी तोंड उघडलेल्या माणसाला हे कसं सांगायचं, तुम्हीच सांगा.

“वाचली,” मी म्हटलं. “त्यानं जुन्या पेटीतला पंप काढून बसवला. उठून बसली.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग चहावरची साय बोटानं बाजूला केली आणि म्हणाले, “लिहून ठेव हे.”

असं ते रजिस्टर सुरू झालं. मी दुकानातून लांब, जाड पुठ्ठ्याचं आणलं आणि बाबांनी पट्टीनं रकाने आखले. तारीख. कादंबरी. काय आढळलं. शिफारस. शेवटी दोन छोटे रकाने: वाचणाऱ्याची सही आणि तपासणाऱ्याची सही. फौंड्रीत असंच असायचं म्हणे. भट्टीचं तापमान दर तासाला एकानं घ्यायचं, त्यानं सही करायची, आणि पाळी संपताना चार्जमननं तपासून आपली करायची. बाबा सांगत, मी लिहीत असे, आणि मग ते तपासणाऱ्याच्या खाली ‘शेषराव’ अशी वळणदार सही ठोकत. पहिल्या दिवशी मी माझ्या रकान्यात सही करायला गेले, तर त्यांनी पेन काढून घेतलं.

“ते राहू दे सध्या,” म्हणाले.

मला वाटलं, म्हाताऱ्याला एकट्याची सही मिरवायची आहे. मिरवू दे.

पहिली नोंद अशी होती: ‘प्रवास दोनशे वर्षांचा, पंप एक. ज्यानं पास केलं त्याची चौकशी व्हावी. शिफारस: वाचावी. बाई उठते तो भाग चांगला आहे.’ मग ड्रॅगनची आली: ‘प्राण्याच्या तोंडातून जाळ निघतो पण ओठ भाजत नाहीत. आतून जाळ सोसणारी कोणती वीट लावली आहे ते लेखिकेनं सांगितलं नाही. शिफारस: उन्हाळ्यात वाचू नये.’ एका भयकादंबरीवर त्यांनी शेरा मारला: ‘भूत दर मंगळवारी वेळेवर हजर. भाडेकरूच उशिरा येतात. शिस्तीच्या बाबतीत भूत बरं.’ मी म्हटलं, बाबा, ते भूत म्हणजे खरं तर तिचं दुःख आहे. ते म्हणाले, “असन. पन वेळेवर येते ना?”

आमचं भांडणही व्हायचं. मला जी पुस्तकं लाडकी ती त्यांना पोकळ वाटायची. मी नाकं मुरडलेल्या एका नकाशावाल्या कादंबरीवर ते असे भाळले की तिन्ही भाग माझ्याकडून वदवून घेतले, घोड्यांसकट. आणि प्रत्येक पुस्तकात कुणाची तरी बायको, आई नाही तर राणी मरायची. या लेखकांना दुसरं काही सुचतच नाही, पुरुषाला शहाणा करायचा की बाई मारायची. मी सगळ्यांना वाचवलं. ड्रॅगनच्या आगीतून राणीला मागच्या दारानं काढलं. विहिरीत पडलेल्या भाडेकरणीला दोर सोडला. महामारीत गेलेल्या वैज्ञानिक बाईला औषध पोचवलं. या कामात माझा हात चांगलाच बसला, आणि बाबा जेवायला लागले, दाढी करायला लागले, शेजारच्यांशी बोअरच्या पाण्यावरून वाद घालायला लागले. हे सगळं त्या बायांच्या जिवावर उभं आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. एक जरी मेली तरी बाबा परत त्या खुर्चीत जाऊन बसतील, अशी भीती माझ्या पोटात कायम असायची.

मध्येच एकदा, त्या महामारीच्या कादंबरीच्या वेळी, बाबांनी मला फौंड्रीतली एक गोष्ट सांगितली. भैयालाल म्हणून एक नवा मुलगा लागला होता. त्याच्या आठ तासांच्या पाळीची रीडिंगं एकदम गोड असायची. चौदाशे दहा, चौदाशे दहा, चौदाशे पंधरा, चौदाशे दहा.

“खरं रीडिंग असं नसते,” बाबा म्हणाले. “खरं थोडं वाकडं असते. मधातच कोठीतरी घसरते, कोठी चढते. हे पोट्ट्यानं एका जागी बसून भरलं होतं.”

“मग तुम्ही काय केलं त्याचं?”

“काय करतो. तू सांग, औषध पोचलं का त्या बाईले?”

“पोचलं,” मी म्हटलं. इतकी मी शहाणी.

मराठी मंडळाचे सेक्रेटरी कमलेश एकदा वर्गणीला आले आणि त्यांनी टेबलावरचं रजिस्टर उघडलं. उभ्याउभ्या हसत त्यांनी चार पानं वाचली आणि फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकले. झालं. दर रविवारी ‘शेषरावांचा शेरा’ पाहिजे म्हणून फोन यायला लागले. पद्मनाभपूरचे एक रिटायर्ड गार्ड भट्टीच्या विटांवरून बाबांशी तासभर बोलले. ज्यांनी आयुष्यात वर्तमानपत्राच्या पलीकडे काही वाचलं नव्हतं ते ड्रॅगनबद्दल मत द्यायला लागले. या वर्षी गणपतीत कमलेशनी जाहीरच केलं, दुपारी चार वाजता मंडळाच्या हॉलमध्ये शेषरावजी आपले शेरे वाचून दाखवणार.

बाबांनी पांढरा शर्ट घातला. मी रजिस्टर पिशवीत घेतलं आणि आम्ही स्कूटरवरून गेलो. हॉल भरला होता. बाबा खुर्चीत ताठ बसून एकेक नोंद वाचत होते, अजिबात न हसता, त्यामुळे लोक जास्तच हसत होते. मी पहिल्या रांगेत बसले होते आणि मला त्यांचा इतका अभिमान वाटत होता की मी उगाचच मागं वळून वळून लोकांचे चेहरे बघत होते.

शेवटी कमलेश म्हणाले, कुणाला काही विचारायचं आहे का. मागून एक मुलगी उठली. रोशनी तिचं नाव, कुरुदहून आली होती, इंजिनिअरिंगला आहे. बिचारीनं फार आदरानं विचारलं.

“काका, वो यानवाली मी वाचली आहे. मेरी फेव्हरेट है. पण तुम्ही लिहिलंय ती उठते. एंड में तो वो मर जाती है ना? वही तो पूरी किताब है.”

आता बाबा माझ्याकडे बघतील. आता विचारतील. भरल्या हॉलमध्ये या माणसाला कळणार की आपण सही केलेली पहिलीच नोंद खोटी आहे, आणि मग बाकीच्यांचं काय. बाबांनी रजिस्टरवर हात ठेवला.

“आमच्या घरच्या प्रतीत उठते,” ते म्हणाले.

लोक हसले. रोशनीही हसली आणि खाली बसली. कमलेशनी नारळ आणि शाल दिली, आणि कार्यक्रम संपला.

परत येताना बाबा मागं बसून एक शब्द बोलले नाहीत. मी स्कूटरचा आरसा वाकडा करून त्यांचा चेहरा बघायचा प्रयत्न केला, पण नुसता शर्टच दिसला. घरी आल्यावर ते व्हरांड्यातल्या त्या खुर्चीत जाऊन बसले, त्याच खुर्चीत, आणि रस्त्याकडे बघायला लागले. मी चहासुद्धा ठेवला नाही, त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले.

“बाबा, माझी चूक झाली. सगळ्याच बाया मेल्या होत्या. सगळ्या. राणी बी, अन् विहिरीतली बी. मले सांगता नाही आलं.”

“मले मालूम आहे,” बाबा म्हणाले.

“आत्ता समजलं ना. त्या पोरीनं सांगतलं म्हणून.”

“नाई व. पहिल्याच दिवशी समजलं. जुना पंप काढून बसवला म्हने! वेगळ्या पेटीचा पंप बसते का असा? बोल्ट तरी जमन का?” मग ते बोटांवर मोजायला लागले. “अन् मंग हर एक किताबीत बाई वाचूनच राहिली. चौदाशे दहा, चौदाशे दहा. तू बसून भरून राहिली होती, नूतन.”

मला रडू यायला लागलं होतं आणि रागही आला. दीड वर्ष हा माणूस मला बोअरच्या पंपासारखं वापरत होता, बटण दाबलं की गोष्ट.

“मग बोलले कावून नाही? सही कावून करत होते?”

“त्या भैयालालच्या घरी बाळंतपन होतं,” बाबा म्हणाले. “बायको अडली होती, चार दिवस झोपला नोता तो. पोराचा जीव ठिकाणावर नाही, तो रीडिंग काय घेईन? मी त्याच्या जागी जाऊन स्वतः भट्टी पाहून आलो, अन् माही सही केली. त्याची जागा कोरी ठेवली. म्हटलं, खरं घेशीन तेव्हा कर.”

मी रजिस्टरकडे पाहिलं. ते पिशवीतून अर्धं बाहेर आलं होतं. त्यात एकोणचाळीस नोंदी होत्या, आणि माझ्या सहीचा एकोणचाळीस ओळींचा रकाना कोरा होता.

“तुले बी जीव ठिकाणावर नोता,” बाबा म्हणाले. “मलेच सांभाळून राहिली होती. अन् मले ते गोष्टी गोड बी लागत होत्या. खोटं कायले बोलू.”

समोरून भाजीवाला हातगाडी ढकलत गेला. बाबा तो वळेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “किताबीचं सोड. त्याच्या आधीचं एक रीडिंग आहे तुह्यापाशी. ते बी तू बसून भरलं.”

मला कळलं होतं ते कशाबद्दल बोलत आहेत, आणि कळलं नसतं तर बरं असं वाटत होतं.

“तू म्हटलं, शेवटी माहं नाव घेतलं तिनं. एक्केचाळीस वर्षं संसार झाला आमचा, पोरी. लग्नात उखाण्यात घेतलं असन तेवढंच. राशनच्या दुकानात माणूस विचारे, घरधन्याचं नाव सांगा, त हे बाई चंदनले पुढे ढकले. दवाखान्यात भरती केलं तेव्हा फॉर्मवर नाव सांगाचं होतं, डायलिसिसच्या बिछान्यावरून माह्याकडे बोट दाखवलं तिनं. ते बाई जातानी माहं नाव घेईन?”

मी चंदनला चंदनच म्हणते. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून, सगळ्यांसमोर, आणि आईंनी कधी हरकत घेतली नाही. त्यामुळे त्या दिवशी दारात उभ्या असलेल्या माणसाला द्यायला मला जगातली सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट सुचली ती हीच. ती आईंच्या तोंडी बसणार नाही हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

“त्या दिवशीच समजलं होतं तुम्हाले?”

“हाव. चष्मा खिशात ठेवतानी.” बाबांनी हात शर्टाच्या खिशावर ठेवला. “मंग मी समजलो, का काहीतरी वाईट झालं असन. तडफडली असन, मले बलावत असन, म्हनून पोरगी लपवून राहिली. दोन साल झाले, मी तेच पाहून राहिलो इथं बसून. आता सांग. जसं झालं तसं सांग.”

दोन वर्षं. मी त्यांना वाचवते आहे असं समजून एकेक राणी आगीतून काढत होते, आणि हा माणूस माझ्याच एका वाक्यामुळे रोज या खुर्चीत बसून नाही ते डोळ्यांसमोर बघत होता. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मी सांगितलं. आई त्या सकाळी बऱ्या होत्या, तुम्ही पाहिलंच होतं. भुताचं पुस्तक चालू होतं. त्यांना मुखपृष्ठावरचं भूत नीट बघायचं होतं, म्हणून तर चष्म्याचा हट्ट. तुम्ही गेलात, आणि तास झाला तरी आला नाहीत. तेव्हा आई चिडल्या.

“काय म्हने?”

“म्हणाल्या, ‘हे चष्मा आनाले गेले का बनवाले गेले?’”

बाबा खुर्चीत पुढे झुकले.

“अजून एकदा सांग.”

“‘हे चष्मा आनाले गेले का बनवाले गेले?’ मग मी हसली, अन् मले म्हणाल्या, ‘हसते काय, वाच ना व, थांबली कावून?’ मी वाचायला लागली. त्या डोळे मिटून ऐकत होत्या, नेहमीसारख्या. पान उलटलं अन् वर पाहिलं, तर...” मला पुढचं जमेना. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, चंदनलाही नाही. “मले माहीत नाही, बाबा, कोणत्या ओळीला गेल्या. मी वाचतच होती. मले समजलंच नाही. ड्युटीवर मी होती अन् मले समजलंच नाही.”

बाबांच्या छातीतून एक आवाज आला. मला वाटलं रडताहेत. ते हसत होते. मग रडायला लागले, आणि मग पुन्हा हसायला, आणि शर्टाच्या बाहीनं तोंड पुसत राहिले.

“बनवाले गेले का म्हने!” ते म्हणाले. “अशीच. अशीच बोले ते. फ्रिजवर होता व चष्मा, अन् मी देवघरात पाहून राहिलो, डब्यात पाहून राहिलो, कपाट उलटं केलं सारं.” मग एकदम थांबले. “घाबरली त नोती?”

“नाही.”

“मले बलावत नोती?”

“नाही, बाबा. तुमच्यावर भडकल्या होत्या. अन् पुढं काय होते ते ऐकायचं होतं त्यायले.”

“बरं झालं,” बाबा म्हणाले. “लय बरं झालं.”

थोड्या वेळानं त्यांनी ते पुस्तक मागितलं. ते माझ्या कपाटात साड्यांच्या मागं होतं, दोन वर्षं मी त्याला हात लावला नव्हता, दुमडलेला कोपरा तसाच होता. मी घेऊन आले तेव्हा बाबांनी आतून चष्मा आणला होता. आईंचा, डाव्या दांडीला दोरा गुंडाळलेला. तो त्यांनी आपल्या नाकावर चढवला, पुस्तक लांब धरलं, जवळ धरलं.

“भूत कोठी आहे? नुसता धूर दिसून राहिला.”

“तेच भूत आहे, बाबा.”

“हिले पसंत नसतं पडलं.”

मग त्यांनी रजिस्टर उघडलं आणि या वेळी पेन मला दिलं नाही. चाळिसावी नोंद स्वतः लिहिली, सावकाश, अक्षर दाबून. तारीख त्या दिवसाची घातली, दोन वर्षांपूर्वीची. ‘काय आढळलं’च्या खाली लिहिलं: ‘चष्म्याला उशीर झाला. पेशंट रागात, पण शुद्धीत. ऐकत होती.’ शिफारशीची जागा सोडली. शेवटी आपली सही केली आणि पेन माझ्यासमोर धरलं.

“वाचणाऱ्याच्या खाली कर. ड्युटीवर तू होती.”

मी केली. सही फार वाईट आली, पण बाबांनी ती बघितली आणि फुंकर मारून शाई वाळवली.

“आता वाच पुढं,” ते खुर्चीत मागं टेकून म्हणाले. “अन् बाई मेली त मेली म्हन. मी आहो.”

मी दुमडलेला कोपरा सरळ केला आणि पानावर बोट ठेवलं. वरच्या ओळीपासून सुरू करणार, एवढ्यात त्यांनी हात वर केला.

“थांब. मागच्या पानापासून घे,” बाबा म्हणाले. “तिचं बी एखादं वाक्य सुटलं असन.”

मी एक पान मागं गेले आणि वाचायला लागले.